तिंतीलियाचा वास

"अरे बस की जरा! पायाला भिंगरी लागल्यासारखा काय फिरतोयस?" चीजचे तुकडे करता करता इंकोरोनाता नवऱ्यावर ओरडली.

सबातीनो बसला नाही. पुसलेले पेले त्याने पुन्हा पुसले, उजेडात धरून पाहिले आणि खिडकीशी जाऊन घाटाच्या वळणाकडे डोळे लावले. तोरिनोहून बाई येणार होती, मोठमोठ्या हॉटेलांना वाइन पुरवणारी. दक्षिण इटलीतल्या मोलीजेच्या या डोंगरात आजवर असं कोणी फिरकलं नव्हतं. उत्तरेचे टँकर तेवढे यायचे, इथली वाइन भरून न्यायचे आणि तिकडच्या वाइनमध्ये मिसळून टाकायचे. तिंतीलिया ही इथली जुनी द्राक्षं; मणी बारीक, रस कमी. गावाने ते वेल उपटून भरघोस पिकणारी द्राक्षं लावली. सबातीनोने बापाचे वेल राखले, म्हणून जन्मभर तो गावात वेडा ठरला. आता कुठे वर्तमानपत्रांत मोलीजेच्या वाइनचं नाव यायला लागलं होतं, आणि नेमका या हिवाळ्यात ताप येऊन त्याचं नाक गेलं. कॉफी, सरपणाचा धूर, गोठा, कशाचाच वास येईना. 'परत येईल, कदाचित,' एवढंच डॉक्टर म्हणाला होता.

"मी सांगून टाकू तिला?" इंकोरोनाताने विचारलं.

"खबरदार! ज्याला नाक नाही त्याची वाइन कोण घेईल?"

"बरं बाबा. पण बाटली मी उघडणार. मी वास घेतल्याशिवाय हात लावायचा नाही."

ती शेजारी पाव आणायला गेली आणि तेवढ्यात गाडी दारात आली. ओत्ताविया नावाची ती बाई उंच, मोकळ्या बोलण्याची होती. बुटांना चिखल लागू देत ती सगळा मळा फिरली. दोघं घरात परतली तरी इंकोरोनाताचा पत्ता नव्हता. नुसतं समोरासमोर बसणं सबातीनोला सोसवेना. त्याने बाटली उघडली.

ओत्तावियाने पेला नाकाशी नेला आणि न पिताच खाली ठेवला.

"तुम्ही घ्या ना," ती म्हणाली.

त्याने मोठा घोट घेतला, सवयीने डोळे मिटले. "झकास उतरलीय! चेरी बघा, मागून मिरी..."

डोळे उघडले तर बाई त्याच्याकडे एकटक बघत होती. तिच्या नजरेत राग नव्हता, उलट कणव होती. इंकोरोनाता पाव घेऊन आत आली, टेबलावरची बाटली बघून थबकली. तिने त्याचा पेला उचलून हुंगला.

"सबाती, बूच खराब आहे रे. भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा वास मारतोय."

सर्दीचं निमित्त सांगता आलं असतं. ते ओठांवर आलंही. पण त्याच्या तोंडून निघालं ते वेगळंच.

"बाई, मला वास येत नाही. तापात गेला. माझी वाइन चांगली आहे की वाईट, मला नाही ठाऊक. हिला ठाऊक."

ओत्ताविया हसली. "म्हणजे मी इतका वेळ भलत्याच माणसाशी बोलत होते!" तिने खुर्ची इंकोरोनाताकडे वळवली.

दुसरी बाटली इंकोरोनाताने उघडली. दोघी हुंगत, घुटके घेत बोलत राहिल्या. "काळी चेरी," इंकोरोनाता म्हणाली, "आणि शेवटी मेंढरांच्या वाटेवर असतो ना, तो रानपुदिना." परगावी गेलेल्या लेकाची खबर ऐकावी तसा सबातीनो ऐकत होता. पुदिना? हे त्याला कधीच जाणवलं नव्हतं, नाक होतं तेव्हाही नाही.

तळघरातल्या निम्म्या बाटल्या ओत्तावियाने विकत घ्यायचं ठरवलं. निघताना विचारलं, "पुढच्या हंगामात वाइन कधी उतरली ते कोण ठरवणार?"

"ही," सबातीनो म्हणाला.

ऑक्टोबरात द्राक्षं उतरली, टाक्या फसफसू लागल्या. रस आज सालींवरून काढायचा की अजून थांबायचं, हे कळेपर्यंत तोडणीला आलेली माणसं अंगणात खोळंबली होती. इंकोरोनाता शिडीवर चढली, वरून भांडंभर रस काढून नाकाशी नेला आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. सबातीनोने वर पाहिलं नाही, काही विचारलं नाही. खालची फरशी ओली होती. दोन्ही हातांनी त्याने शिडी घट्ट धरली.