मयताची खबर

मेमरीची पट्टी खाचेत बसेना. सँड्राने ती काढली, फुंकर मारली आणि पुन्हा दोन्ही अंगठ्यांनी दाबली. कट्ट आवाज झाला, कडेची कळ आपोआप मिटली. संगणकाच्या डब्यातली धूळ तिने पप्पांच्या दाढीच्या ब्रशने झाडली होती. ब्रशला अजून साबणाचा वास होता.

“आता कोणासाठी करतेस?” तिच्या आईने, पॉलिनने, स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं. रागाने नव्हे. भाजी कुठली करू, असं विचारावं तसं.

सँड्रा झाकणाचे स्क्रू पिळत राहिली.

गॅब्रिएल मास्तर निवृत्त झाल्यापासून गावातल्या प्रत्येक मयताची खबर ह्याच संगणकावर लिहून द्यायचे. फोटो, नाव, चर्चमधली मिस्सा किती वाजता, मागे कोण कोण राहिलं. ती खबर मग गावभर मोबाईलवर जायची. संगणक त्यांच्याइतकाच थकला होता. “ऑफिसात एवढी मशीनं नवी करतेस, ह्या बिचाऱ्याला पण एकदा हात लाव की गं,” ते म्हणायचे. “ह्या रविवारी नक्की, पप्पा,” ती म्हणायची. विरारहून यायला वेळ तो काय लागतो! पण रविवार येत गेले आणि जात गेले.

आणि ते गेले त्या सकाळी संगणक उघडता उघडेना. पप्पांचे फोटो सगळे आत अडकलेले. वैतागून तिने मोबाईलवरच तयार नमुना शोधला, फुलांच्या चौकटीत फोटोशिवाय नाव घातलं, गॅब्रिएल पास्कोल तुस्कानो, आणि पाठवून दिलं. नाव कागदोपत्री अगदी बरोबर होतं. पण गावात गॅब्रिएल तुस्कानो दोन. एक मास्तर, दुसरे गिरणीवाले, कित्येक महिने अंथरुणाला खिळलेले. लोक मेणबत्त्या घेऊन गिरणीवर गेले. गिरणीवाल्या गॅब्रिएलने भिंतीला धरत धरत येऊन स्वतः दार उघडलं. ते कळेपर्यंत, साऱ्या गावाची नावं न चुकता लिहिणाऱ्या माणसावर अर्ध्या गावाच्या गैरहजेरीत माती पडली होती.

तिला कोणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

तिने बटण दाबलं. नवी सिस्टीम चढू लागली. निळ्या पडद्यावर आकडा हळूहळू वाढू लागला आणि खाली ओळ आली, संगणक बंद करू नका. त्याच वेळी चर्चची घंटा वाजली, एकेक टोला सुटा सुटा. पॉलिनने छातीवर क्रूस काढला.

“कोण गं गेलं?”

थोड्या वेळाने अंगणात चप्पल वाजली. दारात फेबियन उभा होता. बावखलाच्या, गावच्या जुन्या तळ्याच्या, पलीकडच्या वाडीतला, शाळेत सँड्राच्या दोन वर्ग पुढचा, आता कामणला गोदामात सुपरवायझर.

“काकी, आय गेली,” तो म्हणाला.

पॉलिन पुढे झाली, त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो मात्र घाईत होता. “पेटी सांगितली. फादरना भेटून आलो. उद्या दहाची मिस्सा. आता खबर तेवढी राहिली.” बोलता बोलता त्याचं लक्ष मास्तरांच्या रिकाम्या खुर्चीवर गेलं आणि तो थबकला. “बघ ना. पाय आपोआप इकडेच वळले. मास्तर नाहीत, हे वाटेत एकदासुद्धा आठवलं नाही.”

“मी लिहिते,” सँड्रा म्हणाली. मग पडद्याकडे बघून ओशाळली. “पण थांबावं लागेल. मधेच बंद करता येत नाही.”

“थांबतो की. पोरं म्हणत होती, पप्पा, मोबाईलवर दोन मिनिटांत करतो. मी म्हटलं, नको.” तो खुर्चीवर बसला. “नाव नीट घाल हां. फिलोमिना डाबरे लिहिलंस तर एक माणूस यायचा नाही. बावखलावरची मेनी लिही.”

सँड्राचा चेहरा उतरला. फेबियनच्या ते उशिरा लक्षात आलं.

“तसं नाही गं म्हटलं मी.”

“माहीत आहे. तू पण गिरणीवर गेला होतास?”

“कामावर होतो. खबर वाचली, म्हटलं, सुटला बिचारा गिरणीवाला. डबा खाल्ला.” त्याने हाताचे तळवे गुडघ्यांवर पुसले. “संध्याकाळी घरी आलो तेव्हा आय पायरीवर बसलेली. म्हणाली, तुझा बाप गेला तेव्हा मास्तर अर्धा दिवस तुझ्याजवळ बसले, आणि तू डबा खात होतास.”

पडद्यावरचा आकडा पुढे सरकला, पडदा काळा झाला, पुन्हा उजळला.

“अर्धा दिवस कशाला?” सँड्राने विचारलं. “खबर तर चार ओळींची.”

“मशीन चालू व्हायला नको? ते कुरकुरत बसायचं आणि मास्तर काहीबाही विचारायचे. बाप पोहायला कोणाकडून शिकला, जेवताना पहिला घास कशाचा घ्यायचा. मला वाटायचं, हे सगळं खबरीत घालणार. काही घातलं नाही.”

सँड्राने खुर्ची त्याच्याकडे वळवली. आता पडदा तिच्या पाठीमागे होता.

“मेनी काकी आम्हांला केळी द्यायची,” ती म्हणाली, “पण मोजून. वर बजावायची, सालं बकरीला आणून द्या.”

फेबियन हसला. “बकरी मरून कितीतरी वर्षं झाली, तरी सालं मागायची. काल पण...” तो थांबला. “काल रात्री केळं सोलून दिलं मी तिला. खाल्लं नाही. साल तेवढं हातात धरून ठेवलं. मी म्हटलं, टाक गं आय ती घाण. ओरडलोच मी. हातातून ओढून घेतलं.”

त्याचे खांदे हलू लागले. तोंडावर रुमाल धरायलाही त्याला सुचलं नाही.

पाठीमागे संगणकाने छोटासा सूर काढला. सँड्राने मान किंचित वळवली. नवा लख्ख पडदा उघडला होता. अगदी झरझर. तिने हात मागे नेला, चाचपडत पडद्याचं बटण शोधलं आणि पडदा बंद केला.

“झालं का गं?” फेबियनने डोळे न पुसताच विचारलं.

“नाही,” ती म्हणाली. “अजून थोडा वेळ लागेल.”

पॉलिन चहा घेऊन दारातच उभी होती. तिने सगळं पाहिलं होतं. सँड्राने तिच्याकडे बघितलं, पण तिने नजर दिली नाही. कप फेबियनच्या हातात ठेवला आणि, जणू वर्षानुवर्षं हेच म्हणत आल्यासारखी, म्हणाली,

“मशीनच तसलं आहे बाबा. बस तू.”