चार बोटांची जागा

मी कमान बोलतेय. देवळाची नव्हे, दाराचीही नव्हे. एका जुन्या फियाटच्या मागच्या डाव्या चाकावरची. एकावर एक रचून मधोमध बोल्टने आवळलेले पोलादी पाटे, तीच मी. वर गाडीचं ओझं, खाली रस्त्याचे धक्के. कमानीने बाक धरायचा असतो. माझा गेला होता. मी सपाट झाले होते आणि कुणी खाली वाकून बघू नये, एवढंच मागत होते.

गाडी गिरगावात वाडीच्या तोंडाशी उभी असते. मालक अप्पा. दर रविवारी ते ती पुसतात आणि शेवटी टायर आणि मडगार्ड यांच्या फटीत बोटं आडवी घालून बघतात. त्यांच्या पत्नी सुभद्राबाई होत्या तेव्हा गॅलरीतून विचारायच्या, "भरली का चार?" चार भरायची. त्या गेल्या. नंतर तीन झाली, दोन झाली. शेवटी शेवटी तर एक बोट कसंबसं शिरायचं.

"मीच चुकलो," अप्पा सुनेला म्हणायचे. "ग्रीस मारायचा कंटाळा केला. देऊन टाकतो गाडी कुणाला तरी. हिचे हाल बघवत नाहीत."

सून मृणालिनी नुसतं "हं" म्हणायची आणि कडेवरच्या लेकीचं, सुरुचीचं नाक पुसायची. नाक स्वच्छच असायचं.

खरं कारण तिला ठाऊक होतं आणि मला. सुरुची महिन्याची होती तेव्हाची गोष्ट. पाळणा नेमका माळ्याखाली आला. खोलीत दुसरीकडे जागाच नव्हती. माळ्यावर सासूबाईंची भांडी: तीन पितळी हंडे, घंगाळ, तांब्याचा बंब, पराती. इतकी वर्षं न पडलेला माळा नेमका आज पडेल, असं तिला रोज वाटायचं. सांगितलं तर सगळे हसतील, असंही वाटायचं. एका दुपारी नवरा हेरंब ऑफिसात आणि अप्पा वाचनालयात असताना तिने बाळ शेजारणीकडे दिलं, एकेक भांडं चादरीत गुंडाळून खाली आणलं आणि डिकीत डाव्या अंगाला रचलं. "दोनच दिवस," ती पुटपुटली. मी ऐकलं. वर जाऊन तिने माळ्याला पडदा लावला आणि डिकीची किल्ली शिवणाच्या डब्यात टाकली. सासूबाई गेल्यापासून डिकी उघडायची वेळ कुणावर आलीच नव्हती.

दोन वर्षं झाली. मी करकरून सांगायचे. अप्पा बिचारे तेल सोडायचे.

अखेर गाडी द्यायचं ठरलं. "पण कंबर मोडलेली लेक सासरी धाडू नये," म्हणून आधी अँटॉप हिलच्या गंगाधर मिस्त्रीकडे निघालो. "मीपण येते," मृणालिनी सुरुचीला कडेवर घेत म्हणाली. वाटेत सांगायचंच असं तिने ठरवलं होतं. लालबागला सांगू, परळला सांगू, असं करता करता मिस्त्रीचं गॅरेज आलं.

गंगाधरने वाकून मला पाहिलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अप्पानू, कमान काय वाऱ्यान बसता? आधी डिकी उघडा."

"रिकामी आहे रे ती."

मृणालिनीने पर्समधून किल्ली काढली. "नाहीये रिकामी, अप्पा."

चादरी सुटल्या. घंगाळाच्या काठावर ठिपक्या-ठिपक्यांनी टोचलेलं नाव होतं: सौ. सुभद्रा. अप्पा त्यावरून बोट फिरवत राहिले.

"माळा पाळण्यावर पडेल असं वाटलं मला," ती म्हणाली. "मूर्खपणाच तो. मग सांगायची लाज वाटली. तुम्ही ग्रीसला दोष द्यायचात आणि मी गप्प उभी राहायचे."

अप्पांनी वर पाहिलं नाही. "पडदा सरकवून बघितला होता मी. माळा रिकामा. वाटलं, भांडी मोडीत घातलीस. दोन वर्षं तुझ्या हातचा चहा पितोय आणि मनात हेच धरून बसलोय. एकदा विचारायला काय झालं होतं मला?"

दोघंही जमिनीकडे बघत होती. सुरुची तेवढी हंड्यावर थापा मारत होती.

"लाज मगे वाटून घेवा," गंगाधर म्हणाला. "आधी भांडी उतरवा. माझी कमान रडता हा."

त्याने मला सोडवलं. चिरलेला एक पाटा बदलला, बाकीच्यांना घणाने ठोकून बाक दिला. उजवीलाही तसंच केलं, नाहीतर गाडी तिरकी उभी राहिली असती. घाव लागले. पण दुसऱ्याच्या चुकीने सपाट होऊन पडण्यापेक्षा घाव परवडले.

गाडी कुणाला दिली नाही. हेरंबने माळ्याला खालून लोखंडी टेकू दिले आणि भांडी वर गेली. घंगाळ मात्र खालीच राहिलं. सुरुची त्यात बसून आंघोळ करते.

मला ओझ्याचं वावडं नाही, त्यासाठीच घडलेय मी. फक्त ते गुपचूप ठेवू नका. आम्हाला बोलता येत नाही, तुम्हाला येतं.

परवा डिकी उघडली आणि मी दचकले. पण मृणालिनीचा आवाज वाडीभर गेला, "अप्पा, बाबागाडी ठेवतेय हं मागे!"

"ठेव गं," गॅलरीतून उत्तर आलं. "आणि बोटं घालून बघ. भरली का चार?"