झिजलेल्या टायरचा आकडा

काट्यावरचा आकडा ओइवा लेहतोरांतांनी माझ्याआधी वाचला आणि दोन्ही हात वर केले. "पोरी, नव्या टायरला हरवलं की मी!"

ओइवा ट्रकच्या जुन्या टायरांवर नवं रबर चढवतात; नव्या टायरपेक्षा ते स्वस्त पडतं. सेइनायोकी शहराजवळ त्यांचा लहानसा कारखाना आहे. एका मोठ्या मालवाहतूक कंपनीने त्यांना कबूल केलं होतं की नव्या टायरपेक्षा जास्तीचं डिझेल शेकडा दोनच्या आत राहिलं, तर सगळ्या ट्रकांचं काम त्यांना मिळेल. ते मिळालं नाही तर वसंतात कारखाना बंद.

अशा चाचण्या घेणं हे माझं काम. चाचणी सरळ असते. सारखंच वजन लादलेले दोन ट्रक एकाच रस्त्याने पाठोपाठ जातात. एकाचे टायर कधीच बदलत नाहीत. वारा आणि थंडी त्या दिवशी कशी होती, ते त्याच्यावरून कळतं. दुसऱ्याला एकदा नवे टायर लावायचे, एकदा ओइवांचे. परत आल्यावर डिझेलची छोटी टाकी काढून तोलायची, म्हणजे किती जळलं ते कळतं.

ओइवांनी लगेच कंपनीला फोन केला आणि बायकोने दिलेले वेलदोड्याचे पाव वाटायला घेतले. दुसरा ट्रक चालवणारी इर्मेली म्हणाली, "एवढा हसू नकोस, ओइवा. दात पडतील."

"कवळी आहे. पक्की बसवलीय."

मी चाकांपाशी वाकले होते. ओइवांच्या टायरांच्या खाचा उथळ दिसत होत्या. मोजल्या, तर नव्या टायरच्या निम्म्याही नव्हत्या. सकाळी टायर आधीच चढवलेले होते, म्हणून मी फक्त हवेचा दाब तपासला होता.

"ओइवा, हे टायर आधी वापरलेत?"

"म्हणजे काय! उन्हाळाभर माझ्याच ट्रकवर पळवले. एक पापुद्रा सुटला नाही. कोरे आणले असते तर लोक म्हणाले असते, म्हातारा नटवून आणतो."

ते अभिमानाने सांगत होते. मी त्यांना बाजूला घेतलं. रबर जाड असलं की चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात जास्त दबतं, तापतं, आणि ती उष्णता डिझेलमधूनच येते. झिजलेला टायर हलका पळतो. आपण झिजलेला आणि कोरा यांची तुलना केली होती.

"म्हणजे माझं रबर चांगलं नाही?"

"ते अजून कळलेलंच नाही. तपासायचं मी विसरले, चूक माझी."

"तुझीच आहे," ते म्हणाले. मग त्यांनी आवाज खाली आणला. "हे अजून कोणाला माहितेय?"

"आपल्या दोघांना."

"आणि मला," ट्रकच्या पलीकडून इर्मेली म्हणाली. "कान शाबूत आहेत माझे."

ओइवांनी हातातला पाव परत डब्यात ठेवला. "कोरे आणतो," म्हणाले.

दोन दिवसांनी त्यांचे कोरे टायर आम्ही आधी थोडे पळवून घेतले, मग चाचणी केली. टाकी तोलताना ते काट्याकडे पाठ करून उभे होते.

"सांग."

"शेकडा साडेतीन जास्त."

"पुन्हा तोल."

मी पुन्हा तोललं. आकडा तोच होता.

कंपनीला कळवायचं काम माझं होतं. मी नंबर लावला, तेवढ्यात ओइवांनी हात पुढे केला. "पहिला आकडा मी सांगितला होता. हाही मीच सांगतो." फोन घेऊन ते चढ्या आवाजात बोलले, यंत्रांच्या गोंगाटात बोलायची सवय असलेल्या माणसासारखे. "परवाचा आकडा सोडून द्या. ते टायर झिजलेले होते. खरा आकडा साडेतीन आहे... नाही, बाईंनी दोनदा तोललं... हो. समजलं."

फोन त्यांनी मला परत दिला.

इर्मेली ट्रकमधून उतरली. "ओइवा, गावातल्या बसवाल्यांना विचारलंस? त्यांना लांबचा पल्ला नसतो, डिझेलपेक्षा टायरच लवकर संपतात त्यांचे. थांब्याथांब्यावर ब्रेक मारून मारून टायर खातात ते."

"बसवाले कंजूष."

"मग तर तुझ्याकडेच येतील."

ओइवांनी तिच्याकडे रागाने पाहिलं. मग माझ्याकडे वळले. "पोरी, बसची चाचणी कशी करतात?"

"टायर किती दिवस टिकतो ते बघायचं," मी म्हणाले. "वेळ लागतो."

"किती?"

"वसंताच्या पुढे जाईल."

त्यांनी मान हलवली आणि कोरे टायर गाडीत चढवायला घेतले. दुसऱ्या बाजूने मी धरलं.