बिशपने खाल्लेली खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. पाहणारे मला सरपण समजतात, तो त्यांच्या नजरेचा दोष. मरे नावाच्या नदीच्या पुरात पडलेल्या तांबड्या निलगिरीच्या खोडातून सुतार क्लेमने मला घडवले. पाठीवर वेलबुट्टी कोरली. वॉर्निशचा थेंबही न लावता, मनगट दुखेपर्यंत नुसते मधमाश्यांचे मेण चोळले. गावच्या वार्षिक प्रदर्शनात मला पहिल्या नंबरची निळी फीत मिळाली आणि तिथेच माझे नशीब फिरले. पहिल्या नंबरवर बसायचे कुणी? क्लेमने मला बाहेरच्या खोलीत एकटीला ठेवले आणि पडदे ओढले. पाहुण्यांना उंबऱ्यातूनच दर्शन मिळे. त्याची बहीण बेरिल म्हणायची, या घरात मान हवा असेल तर लाकडाचे व्हावे, बायको होऊन उपयोग नाही. ती बायको, एस्मी, हसून चहा ओतायची. मला मात्र तेव्हा फार ताठा होता. जिच्यावर कुणी टेकलेच नाही ती खुर्ची कसली, हे मला कुणी सांगितले नव्हते.

मग बिशप आला. थोरला पांढरा काकाकुवा. डोक्यावरचा पिवळा तुरा उभारला की धर्मगुरूची टोपीच. शेजारचे म्हातारे हर्ब वृद्धाश्रमात गेले, तिथे पक्ष्याला मज्जाव होता, म्हणून एस्मीने त्याला घरी आणले. पण हर्बशिवाय त्याला करमेना. तो स्वतःचीच पिसे उपटू लागला. छाती सोललेल्या कोंबडीसारखी झाली, तरी थांबेना; कातडीही फाडू लागला. एवढा मोठा पक्षी पाळणे म्हणजे कधीच मोठे न होणारे मूल सांभाळणे. पिसांची पांढरी भुकटी घरभर, आणि ओरडला की सगळी गल्ली दारात. एस्मीने त्याला दोऱ्या टांगल्या, क्लेमच्या कारखान्यातले टाकाऊ ठोकळे दिले, दिवसभर त्याच्याशी बोलत राहिली. तो कशाकडे बघेना. जखम अशीच उघडी राहिली तर त्याला कायमचे झोपवावे लागेल, असे जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितले.

एका दुपारी क्लेम क्लबात गेला असताना एस्मी माझी धूळ पुसायला आली. बिशप तिच्या खांद्यावर होता. तो खाली उतरून माझ्या पाठीवर बसला, एका डोळ्याने मला न्याहाळले आणि वेलबुट्टीचा तुकडा चोचीने काढला. एस्मीने फडके उगारले, ते तसेच हातात राहिले. कित्येक दिवसांनी त्याच्या चोचीत स्वतःच्या अंगाखेरीज काहीतरी होते. सगळे जे जपतात नेमके तेच हवे असते, यात पक्षी आणि माणूस सारखेच.

तिने लगेच डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्यानंतर क्लेम क्लबात गेला की बिशप माझ्याकडे येऊ लागला. क्लेम परतण्याआधी एस्मी भुसा झाडून चुलीत घाली आणि माझ्यावर विणलेली शाल टाकी. दुखले का? दुखले. पण मला पहिल्यांदाच कुणाचे तरी वजन कळत होते, आणि ते मी पेलत होते.

पुढे प्रदर्शनाच्या मंडळींनी बक्षीस मिळालेल्या जुन्या वस्तू मांडायला मागितल्या. क्लेमने शाल उचलली. माझी पाठ अर्धी संपली होती. पाठीला बांधलेल्या निळ्या फितीचा तर दोराही उरला नव्हता.

"एस्मी," तो म्हणाला, "एक तर हा पक्षी जाईल, नाहीतर मी."

"तू जाणार असशील तर जाताना कचरा घेऊन जा," एस्मी म्हणाली. मग आवाज उतरवून, "आधी त्याची छाती तर बघ."

क्लेमने पाहिले. जखम भरली होती. नव्या पिसांच्या खुंट्या आल्या होत्या, त्यांतून पांढरे मऊ काहीतरी डोकावत होते.

"डॉक्टरीणबाईंनी फोनवर एवढंच विचारलं, खुर्चीला वॉर्निश आहे का, ते पोटात गेलं तर पक्ष्याला विष. मी म्हटलं, माझ्या नवऱ्याने थेंब लावलेला नाही. दुसऱ्या कुणाची खुर्ची असती ना, तर एव्हाना आपण अंगणात खड्डा खणत बसलो असतो."

क्लेमला बसावेसे वाटले. खोलीत दुसरे काही नव्हते, म्हणून तो माझ्यावर बसला. मी करकरले, पण मोडले नाही. बिशप माझ्या उरल्या पाठीवर चढला आणि क्लेमचा कान हलकेच चोचीत धरून बसला. क्लेम हलला नाही.

तरीही त्याने मला प्रदर्शनात नेले. बेरिलने सगळ्यांदेखत विचारले, "काय रे, वाळवी लागली का?"

"वाळवी नाही," क्लेम म्हणाला. "आमचा बिशप जेवला." असे म्हणताना त्याची मान निळ्या फितीच्या दिवशी होती त्याहून ताठ होती. आणि माझीही.

मित्रांनो, वस्तू जपाव्यात हे खरेच. पण घरात असा मोठा जीव आणलात, तर त्याला फोडायला आपल्याकडचे चांगले काहीतरी द्या. नको असलेले तर कुणीही देतो. आणि कृपा करून मला दुरुस्त करू नका. पाठ संपली, डावा हात संपत आला. उजवा अजून शाबूत आहे. तो मी बिशपसाठी राखून ठेवला आहे.