द्वारकीचे वरचे दात

वरचे.

महाराष्ट्र झाला त्या साली धामणगाव बढ्यात द्वारकी जन्मली, आणि तिला आधी वरचे दात आले. वरचे आधी आले की मामाला जड. त्यामुळे तिचा मामा इंद्रभान वर्षभर बहिणीच्या दारी फिरकला नाही; आला तेव्हाही भाचीकडे पाठ करून चहा प्याला. पुढं तेच वरचे चार दात काळे पडून झिजले. पोरगी हसताना तोंडावर हात धरू लागली. घरानं एकच सांगितलं: मामावर आलेलं दातांवर गेलं.

सगळ्यांत ठासून सांगायची ती सोजराबाई, द्वारकीची आत्या. ऐन तरुणपणी विधवा होऊन भावाकडे, रंगरावाकडे आलेली. भाऊ-भावजय मळ्यात वांग्याला पाणी द्यायचे आणि ही धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, पोर निजवायची. जुन्या लुगड्याच्या चिंधीत गुळाचा खडा, वर गाठ, दुधात बुडवून तोंडात. पोर गप.

"सोजराच्या हाताले झोप आहे," गाव म्हणायचं.

त्या घरात तिचं म्हणावं असं तेवढंच होतं.

आता द्वारकी पाच वर्षांची होती आणि झोळीत तिचा भाऊ, सात महिन्यांचा. त्याचीही चिंधी धुऊन वाळत घातलेली.

नांदुरा.

द्वारकीची हिरडी सुजली. तिची आई पुष्पाबाई आणि सोजराबाई तिला एसटीनं नांदुऱ्याला घेऊन गेल्या. दातांच्या डॉक्टरांनी वाकून पाहिलं.

"झोपताना पोरीच्या तोंडात काय असायचं?"

"गूळ," सोजराबाई कौतुकानं म्हणाली. "मीच देत होती. रातभर चोखे."

डॉक्टरांनी पोरीचा खालचा ओठ दाबून धरला. मग म्हणाले, "खालचे दात बघा, चांगले आहेत. चोखताना जीभ त्यांच्यावर असते. वरच्यांवर गोड तसंच राहिलं."

"पण वरचे आधी आले होते ना, डाक्टरसाहेब. मामाले जड..."

"मामाचा काही संबंध नाही, बाई."

हे दुधाचे दात पडतील, नवे येतील. धाकट्याला मात्र गोड चोखत निजवू नका. एवढं सांगून त्यांनी औषध दिलं.

एसटी.

पुष्पाबाई खिडकीबाहेर बघत होती. सोजराबाई स्वतःच्या हातांकडे. मध्ये द्वारकी, तोंड मिटून झोपलेली.

धुरा.

दुसऱ्या दिवशी झोळीत पोर रडलं. सोजराबाई जागची हलली नाही.

"अक्का, रडून राह्यला ना तो!" पुष्पाबाई वांग्यातून ओरडली.

"तूच घे व. माह्या हातानं एकीचे दात गेले."

तेवढ्यात द्वारकी आली. मुठीत चिंधी. आत गूळ, वर गाठ. थेट आत्याची गाठ.

"हे दे त्याले, आत्या. म्या केलं."

सोजराबाईनं चिंधी घेतली. तिनं गाठ सोडली आणि गूळ धुऱ्यावर बांधलेल्या बैलाच्या तोंडापुढं धरला.

"आन् बैलाचे दात?" द्वारकीनं विचारलं.

"त्याले काय मामाच्या लग्नात हसायचं आहे काय व?"

द्वारकी हसली. तोंडावर हात धरायचं विसरली.

पुष्पाबाई चिखलाच्या पायांनी आली, पोर उचललं आणि नणंदेच्या मांडीवर ठेवलं.

"गूळ झोपवत होता काय पोराले? मांडी कोणाची होती?"

एवढं बोलून ती परत पाण्याकडे गेली.

पोर ऐकेना. सोजराबाई गुणगुणली, थोपटत राहिली, घसा बसला. मग पोरानं तिचं बोट धरून तोंडात घातलं आणि चावलं. तिनं त्याचा ओठ उलटून पाहिला.

"पुष्पे! खालचा! खालचा येऊन राह्यला!"

"डाक्टर म्हणे ना, मामाचा संबंध नाही!"

"नसू दे! तू इंद्रभानले निरोप धाड!"

एवढ्या ओरड्यानंही पोर जागं झालं नाही. ते कधी निजलं ते तिलाही कळलं नव्हतं. तोंडात तिचं बोट होतं. नुसतं बोट.