पाहुण्यांची आंबील

सुबोधचा मेसेज आला तेव्हा मी शाळेच्या ऑफिसात दाखल्यांवर शिक्के मारत बसले होते. ‘वैजूताई, आम्ही दोघं शनिवार-रविवार सोलापूरला येतोय. पण प्लीज, देऊळ, किल्ला, चादरी हे काही नको. ते सगळेच बघतात. लोकांना माहीत नसलेलं सोलापूर दाखव. देवयानीला तिच्या चॅनेलसाठी ऑथेंटिक काहीतरी हवंय.’

ऑथेंटिक! वाचूनच माझं डोकं फिरलं. देवयानी त्याची बायको, आणि सुबोध माझा मामेभाऊ. लहानपणी सुट्टीत आमच्याकडे यायचा आणि शेंबूड पुसायला माझाच फ्रॉक धरायचा. आता पुण्यात मोठ्या कंपनीत आहे, हाताखाली चाळीस माणसं. गेल्या सहा वर्षांत त्याला सोलापूर एकदाही आठवलं नव्हतं. ‘जमणार नाही’ असं लिहायला मी फोन हातात घेतलाही होता.

पण घरी अमृत होता. माझा मुलगा. इंजिनिअर होऊन दोन वर्षं झाली, अर्ज करून करून थकला. नवरा गेल्यापासून माझ्या जिवाला तेवढी एकच काळजी. दिवाळीत मी सुबोधला फोन केला होता, तेव्हा तो म्हणाला होता, ‘माझ्या टीममध्ये जागा निघतेय ताई, भेटलो की बोलू.’ अडला हरी गाढवाचे पाय धरी. मी लिहिलं, ‘या की! मस्त फिरू.’ आणि पुढे एक हसरा चेहरा टाकला. त्या पिवळ्या चेहऱ्याचीच मला पहिल्यांदा किळस आली.

मग दोन दिवस मी आखणी करत बसले. शाळेची तपासणी असली तरी मी एवढी मरत नाही. कागदाच्या पाठीवर वेळा लिहिल्या, खोडल्या. शनिवारी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना, शाळेतल्या एका पालकांच्या ओळखीचा. रविवारी काय, ते सुचेना.

तेवढ्यात बजाबाई चहा घेऊन आली. बजाबाई आमच्या शाळेत शिपाई. पोरं तिला मावशी म्हणतात. माझा नवरा वारला तेव्हा पंधरा दिवस माझा डबा तीच आणायची, आणि मी जेवेपर्यंत समोरून हलायची नाही. अक्कलकोटच्या अलीकडे तिची तीन एकर ज्वारी आहे. गेली अकरा वर्षं ती मला वेळ अमावास्येला शेतावर बोलावते आणि अकरा वर्षं मी काही ना काही कारण सांगते. आमच्या भागात त्या दिवशी गावं ओस पडतात. ज्वारीत कडब्याची खोप करतात, आत पाच दगडांना चुना-काव लावून पांडव मांडतात, भाज्या-शेंगांची भज्जी आणि आंबील यांचा नैवेद्य दाखवतात, आणि मग वाटेने जाणाऱ्यालाही हाताला धरून जेवायला बसवतात. यंदा अमावास्या नेमकी रविवारी.

‘‘बजाबाई, यंदा मी आले तर चालेल? पुण्याचे दोन पाहुणेही आहेत.’’

तिने कप ठेवला आणि दोन्ही हातांनी माझा हात धरला. ‘‘व्हय ताई? खरंच येताय? आवो, चालंल का काय इचारताय! अकरा वर्सं झाली वाट बगतीय मी.’’

तिला वाटलं, मी तिच्यासाठी येतेय. मी तसं वाटू दिलं.

शनिवारी दोघं आली. देवयानीच्या अंगावर हातमागाची साडी, नाकात चांदीची नथनी, आणि पर्समध्ये ओल्या टिश्यूंची तीन पाकिटं. अमृतला मी म्हटलं, ‘‘तूही चल बरोबर.’’ तो म्हणाला, ‘‘आई, काम दिलं तर चोवीस तास करीन. पण त्यांच्या मागे शेपटी हलवत फिरायला लावू नकोस.’’ म्हणून शेपटी हलवायला मी एकटीच गेले.

कारखान्यात माग सुरू होते. आवाजाने कान फुटत होते. देवयानीने आधी कानात बोटं घातली आणि मग एका म्हाताऱ्या विणकराला कॅमेऱ्यासमोर उभं केलं. सकाळची थंडी होती, त्याच्या अंगात विटका स्वेटर होता. ती त्याच्या कानाशी ओरडून म्हणाली, ‘‘काका, स्वेटर काढा ना. नुसत्या बनियनवर जास्त रिअल वाटतं.’’

त्याने मुकादमाकडे पाहिलं. मुकादमाने माझ्याकडे पाहिलं. मी मागाच्या धाग्यांकडे बघत राहिले. म्हाताऱ्याने स्वेटर काढला, नीट घडी करून मागावर ठेवला आणि पाच मिनिटं काकडत हसला. नंतर देवयानीने त्याच्याशी हात मिळवला आणि बाहेर येऊन तो हात टिश्यूने तीनदा पुसला. पुसलेला टिश्यू तिने माझ्याकडे दिला. कुठे टाकायचा, असं म्हणून. मी तो माझ्या पर्समध्ये ठेवला!

सुबोध म्हणाला, ‘‘हे सगळं संपत चाललंय, ताई. आत्ताच बघून घ्यायला हवं.’’ माणसं जिवंत असताना हा त्यांचं दहावं घालत होता. पण तोंडाने मी विचारलं, ‘‘अमृतचं काही बोलायचं होतं ना आपल्याला?’’

‘‘उद्या निवांत बोलू,’’ तो म्हणाला.

रविवारी अकराच्या सुमाराला आम्ही शेतावर पोचलो. बजाबाई बांधावर उभीच होती. नवी हिरवी साडी, कपाळभर कुंकू लावायची सोय नवरा गेल्यापासून तिला नाही, पण केसांत अबोली माळली होती. तिचा मुलगा महेश्वर आणि सून पत्रावळी मांडत होते.

‘‘या ताई, या पावणं. दोन रात्री झोपले न्हाय बगा. भज्जीत सोळा जिन्नस हायती. आंबील परवाच घातली हुती, आता लई झ्याक आंबलीय.’’ ज्वारीचं पीठ शिजवून ताकात आंबवलेली, लसूण-मिरची घातलेली ती आंबील. तिचा वास खोपीबाहेरपर्यंत येत होता. देवयानीने पदर नाकाला लावला आणि बजाबाईकडे बघून गोड हसली.

‘‘तुम्ही काही खाल्लंत का सकाळपासून?’’ मी बजाबाईला विचारलं.

‘‘न्हाय की! निवद दावल्याबगर पानीबी घ्यायचं नसतंय. पांडवांनी आदी चाखायची, मग आपन. तवर त्या मडक्याला उष्टा हात लागू द्यायचा न्हाय. लागला तर वरीसभर रान रुसतं, आमची सासू म्हनायची.’’ एवढं सांगून ती पूजेचं पाणी आणायला विहिरीवर गेली. हे सगळं देवयानीच्या आणि सुबोधच्या देखत सांगून गेली, हे मला इथे मुद्दाम लिहायचंय.

ती वळली आणि देवयानी खोपीत शिरली. चुन्याने रंगवलेले पाच दगड, पुढे चुंबळीवर मडकं, त्यावर ओलं फडकं. कडब्याच्या फटींतून ऊन येत होतं. ‘‘काय लाईट आहे! सुबोध, पटकन घे.’’ तिने बाटलीतलं सॅनिटायझर हातांना चोळलं. पळीच्या दांड्यालाही चोळलं, कारण पळी कोणाकोणाच्या हाताची असेल काय सांगावं. मग फडकं काढून पळी मडक्यात बुडवली आणि थेट तोंडाला लावली.

‘‘उम्म्,’’ ती कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली.

‘‘केस आले मधे. परत,’’ सुबोध म्हणाला.

तीच पळी पुन्हा मडक्यात. पुन्हा तोंडाला. तिसऱ्या वेळी तिचं तोंड वाकडं झालं. ‘‘ई! किती आंबट आहे हे!’’ आणि पळीत उरलेली उष्टी आंबील तिने परत मडक्यात ओतली.

मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. सॅनिटायझरचा तो गोडसर वास, आंबिलीचा आंबूस वास आणि तिच्या ओठांचा रंग लागलेली ती पळी. ‘देवयानी, अगं नैवेद्य व्हायचाय, बाईने आत्ता सांगितलं ना!’ हे सगळं वाक्य माझ्या घशात तयार होतं. तेवढ्यात फोनवरची नजर न काढता सुबोध म्हणाला, ‘‘ताई, अमृतचा बायोडेटा आजच पाठवून दे मला. उद्या सोमवार आहे, लगेच पुढे सरकवतो.’’

आणि मी मूग गिळून बसले. नुसती गिळून बसले असते तरी चाललं असतं. मी पुढे झाले, पळीचा काठ पदराने पुसला आणि मडक्यावर फडकं होतं तसं नीट झाकून ठेवलं.

मागे वळले तर खोपीच्या तोंडाशी बजाबाई. कमरेवर कळशी. ती देवयानीकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मी मनाशी म्हटलं, आत्ताच आली असेल, तिने काही पाहिलं नसेल. माणूस स्वतःला काय वाट्टेल ते पटवू शकतो.

तिने कळशी खाली ठेवली. महेश्वरला बाजूला घेऊन काहीतरी बोलली. तो शेजारच्या गुरुबसप्पाच्या रानात पळत गेला आणि हातात एक लहान लोटकं घेऊन आला. वेळ अमावास्येला इकडची भज्जी तिकडे जाते, तिकडची इकडे येते. मी त्यात काही शोधलं नाही. पूजा झाली. नैवेद्याच्या वेळी मी हात जोडले आणि डोळे घट्ट मिटून घेतले. न बघण्यासाठीच मिटले.

मग जेवणं. बजाबाईने आम्हा तिघांना खोपीच्या सावलीत बसवलं, मडक्यातली आंबील पेल्यांत ओतून स्वतः आणून दिली. देवयानीने पेला ओठांना लावल्यासारखं केलं आणि हळूच मागे ज्वारीत ओतला. सुबोधचा पेला तसाच राहिला. मी प्यायले. एकेक घोट गिळत होते, आणि बजाबाई समोर उभी राहून मी पेला संपवते की नाही ते बघत होती. पंधरा दिवस डबा आणायची तेव्हा बघायची तसंच.

निघताना तिने प्लॅस्टिकचा पाच लिटरचा कॅन माझ्या हातात दिला. सुबोध आणि देवयानी गाडीकडे पुढे गेले होते.

‘‘ही ऱ्हायलेली आंबील. तुमच्या पावन्यांची हाय, घरी न्या.’’

‘‘अहो, सगळीच कशाला? तुम्हाला?’’

‘‘आमी घेतली की, गुरुबसप्पाच्या लोटक्यातली. पांडवांनाबी तीच दावली. वीस वर्सांत पयल्यांदा आमच्या रानाला दुसऱ्याच्या घरची आंबील.’’ तिचा आवाज चढला नाही. ‘‘मडक्यातली आमच्यात कुनालाच दिली न्हाय मी. तुमाला दिली. तुमाला ठाव हुतं म्हनून.’’

‘‘बजाबाई, मी सांगणारच...’’

‘‘ती बाई हितली न्हाय, तिला काय कळतंय. सांगितलेलं बी कळत न्हाय काही जनास्नी. तिचा राग न्हाय मला.’’ तिने डोक्यावरचा पदर नीट केला. ‘‘मी तुमच्याकडं बगत हुते, ताई. तुमी कायतरी बोलाल म्हनून. तुमी फडकं झाकलंसा.’’

गाडीने हॉर्न दिला. मी गेले. हॉर्न दिल्यावर गेले, हे आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

गाडीत सुबोध खुशीत होता. ‘‘ट्रिप एक नंबर झाली, ताई. अमृतची काळजी सोड. पोरगा माझ्या टीममध्ये आला म्हणून समज.’’ कॅन माझ्या मांडीवर डचमळत होता. देवयानीने काच खाली केली. ‘‘ताई, सॉरी हां, पण त्याचा फार वास येतोय. मला उलटी होईल. टाकून देऊ या का?’’

सुबोधने गाडी कडेला घेतली. आता बोलायची माझी पाळी होती. नोकरी तर त्याने कबूल केली होती, आता कसली भीती? पण कबूल केली होती म्हणूनच आणखी भीती. मी उतरले. रस्त्याकडेच्या चारीत दोन रात्री जागून केलेली आंबील ओतली. पांढरी धार धुळीत पसरली, मुंग्या आल्या. मग मी कॅनचं झाकण लावून गाडीत बसले, आणि देवयानीने मला एक ओला टिश्यू दिला. मी हात पुसले.

अमृतचं नेमणुकीचं पत्र महिन्याभरात आलं. तो पुण्याला गेला. चांगलं चाललंय त्याचं. तो दर रविवारी फोन करतो. हे आंबिलीचं त्याला मी सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही.

पण मला सांगायचाय तो शेतावरून आल्यानंतरचा सोमवार. मी कॅन साबणाने तीनदा धुऊन शाळेत नेला. बजाबाई नेहमीसारखी साडेदहाला चहा घेऊन आली. कप ठेवला, कॅन उचलला, झाकण उघडून आत पाहिलं. स्वच्छ होता.

‘‘पावन्यांना आवडली का, मॅडम?’’ तिने विचारलं.

अकरा वर्षांत ती मला ताई म्हणत आली होती.

‘‘हो,’’ मी म्हटलं. ‘‘फार आवडली.’’