अश्मा झालेला डाइकचा तुकडा

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. किती जुना, हे मात्र कुणालाच ठाऊक नाही, आणि माझी गोष्ट तिथेच अडली आहे.

गडचिरोलीकडच्या पुरातन ग्रॅनाइटला तडा गेला, खालून तप्त शिलारस वर चढला आणि त्या फटीतच थिजला. अशा उभ्या काळ्या भिंतीला डाइक म्हणतात. मी तिचा तुकडा. माझ्यात सिलिका कमी, लोह आणि मॅग्नेशियम जास्त; म्हणून मी काळा आणि हाताला जड.

भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या श्रीनिवास सरांनी मला हातोड्याने फोडून काढलं आणि ताज्या बाजूला चक्क जीभ लावली. ओल्या दगडात खनिजं स्पष्ट दिसतात. फेल्डस्पारच्या पांढुरक्या काड्या, त्यांच्यामध्ये अडकलेलं काळपट पायरोक्सीन. पुण्यात आणून त्यांनी माझी एक चकती कागदाहून पातळ घासली, काही भाग कुटून रासायनिक पृथक्करण केलं. उरलेला मी बिबवेवाडीच्या घरात त्यांच्या टेबलावर राहिलो. वय तेवढं काढायचं राहिलं. दरम्यान माझी सारी भिंत खाणीत गेली. कुणाकुणाच्या स्वयंपाकघरात तिचे ओटे झाले.

शेवटच्या आजारपणात सरांनी मला दवाखान्यात मागून घेतलं. ते गेले तेव्हा मी त्यांच्या लेकीच्या, स्पृहाच्या, पर्समध्ये होतो. स्मशानात गुरुजींनी मडक्याला भोक पाडायला दगड मागितला. सगळीकडे फरसबंदी, खडा कुठून मिळणार? तिने मला पुढे केलं. अशा दगडाला अश्मा म्हणतात. दहा दिवस गेलेल्याचा जीव त्यात आहे असं मानायचं, मग तो नदीत सोडायचा.

दहाव्याला घाटावर सरांचा विद्यार्थी गंधार आला. मला पाहून तो पांढराफटक पडला.

"ताई, हा शेवटचा नमुना आहे! यातलं एक खनिज वेगळं काढलं, तर त्यातल्या युरेनियमचं किती शिसं झालंय, त्यावरून वय कळेल. सरांचं तेवढंच राहिलं होतं."

"म्हणजे परत कुटणार?"

"सगळाच लागेल. ते खनिज अगदी कणभर असतं."

वासंतीआत्या कडाडल्या, "अरे, त्यात माझा दादा आहे! गुरुजी, तुम्ही तरी सांगा."

"सांगतो की. श्रीनिवासराव तरी माझं कधी ऐकायचे?"

स्पृहाने मला मुठीत घट्ट धरलं. तिला मला कुणालाच द्यायचं नव्हतं. तिच्या मुठीवरून ते मला कळत होतं. मग तिने माझ्यावरचे तीळ पुसले आणि मला जीभ लावली.

"शी! अगं, अश्मा चाटतेस?"

"बाबा काय बघायचे, ते बघते."

ती उन्हात बघत राहिली. ओल वाळली, मी परत नुसता काळा झालो.

"आत्या, नदीत बाबा रमले नसते गं," असं म्हणून तिने मला गंधारच्या तळहातावर ठेवलं. तिची बोटं मात्र लगेच सुटली नाहीत. नदीत तिने तीळ तेवढे सोडले.

मित्रांनो, उद्या माझी भुकटी होईल. आकडा हाती येईल तेव्हा मी नसेन, आणि ज्यांना तो हवा होता ते सरही नसतील. तुमच्या घरी काळा ओटा असेल, तर ओल्या फडक्याने पुसताना क्षणभर थांबा. नीट बघितलंत तर पांढुरक्या काड्या दिसतील. त्या दाखवायची सरांना फार हौस होती.